बव्हेरियातील चौथीचा वर्ग आणि आमच्याकडून सुटलेला एक नियम

जर्मनीत शाळा सक्तीची आहे, सरकारी शाळेला शुल्क नाही आणि 1 ही सर्वांत चांगली तर 6 ही सर्वांत वाईट श्रेणी आहे, एवढे येथे येणाऱ्या बहुतेक पालकांना ठाऊक असते. शिक्षण हा 16 राज्यांचा आपापला विषय आहे, हेही मी वाचले होते. मात्र त्या एका वाक्यात आपल्या मुलीची पुढची वाट दडलेली आहे, हे मला फार उशिरा कळले. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग या राज्यांत प्राथमिक शाळा म्हणजे ग्रुंडशूले सहावीपर्यंत चालते, इतरत्र ती चौथीलाच संपते. काही राज्यांत पुढची शाळा कोणती, हे अखेर पालक ठरवतात. आम्ही राहतो त्या बव्हेरियात ते श्रेणी ठरवतात.

चौथीतील मुलांना मे महिन्याच्या सुरुवातीला पुढच्या शाळेसाठीचे प्रमाणपत्र मिळते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीनच विषयांची सरासरी त्यात मोजली जाते. ती 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, 2.66 पर्यंत असेल तर रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा, आणि त्यापलीकडे मिटेलशूले, म्हणजे मुख्यतः व्यवसाय शिक्षणाकडे नेणारी शाळा. येथे परिसर अभ्यासाला कृपया दुय्यम विषय समजू नका. पाण्याचे चक्र मुलीला उत्तम समजलेले असते, पण ते जर्मन शब्दांत मांडता आले नाही की श्रेणी घसरते, आणि तिचे वजन गणिताइतकेच असते.

आमची मुलगी तिसरीच्या मध्यावर येथे आली, तेव्हा तिला जर्मन अजिबात येत नव्हते. चौथीच्या प्रमाणपत्रात तिला गणितात 2, परिसर अभ्यासात 3 आणि जर्मनमध्ये 4 श्रेणी मिळाली. बेरीज 9, सरासरी 3.00. आम्ही 2.66 शी तुलना केली, मान खाली घातली आणि मिटेलशूलेत नाव घातले. ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून जर्मन शाळेत शिकलेली नाहीत, त्यांना सरासरी 3.33 पर्यंत असली तरी गिम्नाझियमसाठी योग्य ठरवता येते, असा नियम असल्याचे मला मुलगी पाचवीत गेल्यावर समजले. 3.00 ही 3.33 पेक्षा चांगली सरासरी आहे. म्हणजे ज्या दारावरून आम्ही परतलो, ते तिच्यासाठी निदान ठोठावून पाहण्याजोगे होते. हा हिशेब मी आजही मनात पुन्हा पुन्हा करते.

या सवलतीच्या अटी नीट समजून घ्या. मूल पहिलीपासूनच येथे शिकले असेल तर घरी मराठी बोलत असूनही त्याला ती लागू होत नाही. श्रेणी घसरण्याचे कारण जर्मनमधील कच्चेपणा हेच असावे लागते आणि तो भरून निघेल असे शाळेला वाटावे लागते. ती आपोआप मिळत नाही, शाळेने तसा निर्णय घ्यावा लागतो. म्हणून चौथीच्या जानेवारीत श्रेणींची पूर्वसूचना हाती येते, तेव्हाच वर्गशिक्षकांची वेळ घेऊन 3.33 चा विषय स्वतः काढा. आमच्याशी कोणी तो काढला नाही आणि आम्ही विचारले नाही.

आपल्याकडील पालकांच्या गटांवर विसंबू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. मला तेथे मिळालेले सल्ले प्रेमाचे होते, पण ते दुसऱ्या राज्यांतील अनुभवांवर बेतलेले होते. शिकवणी लावून चार महिन्यांत जर्मनची श्रेणी उंचावता येईल, हाही असाच एक सल्ला. आमची मुलगी त्यामुळे फक्त थकली. त्याऐवजी शाळेला नेमून दिलेल्या समुपदेशक शिक्षकांना भेटा, कारण त्यांना नियम माहीत असतात आणि ते तुमच्या मुलाला शेजारच्या मुलाशी ताडून पाहत नाहीत.

सरासरी कमी पडली तरी मेमध्येच तीन दिवसांचे चाचणी अध्यापन असते, म्हणजे मुलांना वर्गात शिकवून पारखतात. त्यात फक्त जर्मन आणि गणित पाहतात. एका विषयात 3 आणि दुसऱ्यात 4 मिळाले तरी प्रवेश होतो. मुलगी खचेल या भीतीने आम्ही तिला पाठवले नाही, हा निर्णय मला आज चुकीचा वाटतो.

तरीही ज्यांच्या हाती 3.00 चा कागद आधीच आला आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये. मिटेलशूलेच्या पाचवीअखेर जर्मन आणि गणिताची सरासरी 2.5 असेल, तर रेआलशूलेत पुन्हा पाचवीपासून प्रवेश मिळतो. आमच्या मुलीने तेच केले. एक वर्ष वाढले, पण त्या वर्षात तिचे जर्मन पक्के झाले. रेआलशूलेच्या दहावीनंतर फाखओबरशूले ही उच्च माध्यमिक शाळा असते, तेथे बारावीला उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठाचा मार्ग खुला होतो आणि तेरावी केली तर आबिटूर, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची पात्रताही मिळवता येते. ती आता आठवीत आहे, तिने गणित-विज्ञानाचा गट घेतला आहे आणि शाळेची पत्रे मला अडली की तीच वाचून समजावते.