एका कोडॉनवरून उत्परिवर्तन कसे शिकवावे

दहावीच्या ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पाठात प्रतिलेखन (डीएनएवरून एम-आरएनए ही प्रत तयार होणे), भाषांतरण (ती प्रत वाचून प्रथिन तयार होणे) आणि उत्परिवर्तन (डीएनएतला बदल) ओळीने येतात. मुले व्याख्या पाठ करतात, पण डीएनएतले एक अक्षर बदलल्यावर रक्तपेशीचा आकार का बदलतो, असे विचारले की अडतात. मनाने रचलेल्या अक्षरांवर हे समजत नाही. माणसाच्या बीटा ग्लोबिनचे, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका साखळीचे, खरे जनुक घ्या. त्यातल्या प्रथिनाचा संकेत देणाऱ्या भागाची पहिली ३० अक्षरे आणि दोन तासिका पुरतात.

साहित्य
चार जणांच्या गटाला कार्डशीटच्या ४५ सेंमी लांब सात पट्ट्या द्या. प्रत्येकीवर दीड सेंमीच्या ३० चौकटी आखा. दर तीन चौकटींनंतर जाड रेघ मात्र मारू नका. तशी रेघ असली की शेवटच्या प्रयोगात मुले अक्षर काढून जागा रिकामी ठेवतात आणि वाचन सरकतच नाही. सोबत कोडॉनचा तक्ता (तीन अक्षरांच्या कोणत्या गटाला, म्हणजे कोडॉनला, कोणते अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा घटक, येते ते दाखवणारा), कात्री, दोरा आणि अकरा रंगांचे मणी लागतील. नाशिकच्या मेन रोडच्या बाजारात एवढे रंग मिळाले नाहीत, तर पांढऱ्या मण्यांवर मार्करने अमिनो आम्लांची नावे लिहा.

पहिली तासिका: साच्यापासून साखळीपर्यंत
फळ्यावर डीएनएचा साचा-धागा लिहा:

टी-ए-सी, सी-ए-सी, जी-टी-ए, जी-ए-सी, टी-जी-ए, जी-जी-ए, सी-टी-सी, सी-टी-सी, टी-टी-सी, ए-जी-ए

पहिल्या पट्टीवर मुलांनी तो उतरवावा आणि दुसरीवर एम-आरएनए लिहावा. एसमोर यू, टीसमोर ए, जीसमोर सी, सीसमोर जी. उत्तर असे हवे:

ए-यू-जी, जी-यू-जी, सी-ए-यू, सी-यू-जी, ए-सी-यू, सी-सी-यू, जी-ए-जी, जी-ए-जी, ए-ए-जी, यू-सी-यू

आता तक्ता वाचून मणी ओवायचे: मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्यूसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल दोनदा, लायसिन, सेरिन. एखाद्या गटाला पाचव्याच जागी ‘थांबा’ (साखळी संपवणारा कोडॉन) मिळाला, तर त्याने साचा-धाग्यातला टी-जी-ए थेट तक्त्यात यू-जी-ए म्हणून वाचला आहे. ही चूक फार होते. तक्ता एम-आरएनएचा आहे, हे तेव्हाच दाखवून द्या. ६४ कोडॉनपैकी ६१ अमिनो आम्लांचे आणि तीन थांब्याचे, एवढे इथे सांगितले तरी चालेल.

दुसरी तासिका: सातवा कोडॉन
धड्याचा गाभा इथे आहे. सातव्या जागेच्या जी-ए-जीमध्ये दर वेळी एकच अक्षर बदला, दर वेळी नवी पट्टी घ्या.

तिसरे अक्षर बदलून जी-ए-ए केले तरी ग्लुटामिक आम्लच येते; मणी बदलत नाही. पहिले बदलून यू-ए-जी केले की थांबा येतो, साखळी सहा मण्यांवर तुटते. पहिलेच बदलून ए-ए-जी केले तर लायसिन येते. त्या हिमोग्लोबिनला ‘सी’ म्हणतात आणि त्याचा आजार सौम्य असतो.

दुसरे अक्षर बदलून जी-यू-जी केले की व्हॅलिन येते. हाच सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा बदल. इथे घाई करू नका. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो आणि ते पाण्यात रमते. व्हॅलिन पाणी टाळते. ऑक्सिजन सोडल्यावर हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खाचेत बसते, रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. पुस्तकांत हा बदल ‘सहाव्या’ जागी लिहिलेला दिसेल: तयार प्रथिनातून सुरुवातीचे मेथिओनिन काढले जाते, म्हणून मोजणी एकाने कमी. मुले हे विचारणारच.

शेवटच्या पट्टीवरून सातव्या कोडॉनमधला ए कात्रीने कापून टाका आणि दोन्ही तुकडे जोडा. आता जी-जी-जी, ए-जी-ए, ए-जी-यू असे वाचले जाते. ग्लायसिन, आर्जिनिन, सेरिन येतात आणि पुढची सगळी साखळी बदलते. खऱ्या जनुकात पुढे एकोणिसाव्या जागीच थांबा येतो. हा बदल बीटा थॅलेसेमिया या रक्तविकाराच्या रुग्णांत सापडलेला आहे.

वर्गात जपायचे
महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो, आणि सुरगाणा, पेठ, कळवणकडून आलेली मुले नाशिकच्या वर्गांत असतात. ‘कोणाच्या घरी आहे?’ असे विचारून हात वर करायला लावू नका. एकच बदललेली प्रत असलेला वाहक सहसा आजारी नसतो आणि त्याला मलेरियाच्या गंभीर आजारापासून काहीसे संरक्षण मिळते, हे मात्र स्पष्ट सांगा. तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात विचारता येते.

उत्परिवर्तन म्हणजे रोगच का?
यासाठी द्राक्ष घ्या. आपल्या बागांतल्या थॉमसन सीडलेसमध्ये बी धरण्याशी संबंधित एका जनुकात १९७व्या जागी आर्जिनिनऐवजी ल्यूसिन आले आहे, त्यामुळे बी पूर्ण वाढत नाही. वेलीच्या दृष्टीने हे नुकसान, बागायतदाराच्या दृष्टीने विकाऊ गुण. आणि वेल काडीपासून लावतात म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

तपासणीसाठी व्याख्या विचारू नका. दहाव्या कोडॉनचे, यू-सी-यूचे, तिसरे अक्षर बदलून यू-सी-सी केले तर काय होईल आणि पहिले बदलून सी-सी-यू केले तर काय, हे कारणासह लिहायला सांगा. पहिल्याचे उत्तर सेरिनच, दुसऱ्याचे प्रोलिन. ‘प्रथिन बिघडेल’ एवढेच लिहिणाऱ्या मुलाला पट्टी पुन्हा हातात द्या.