एआय कंपनी काढायचीय? राजीनाम्याआधी हा हिशोब मांडा

पुण्यात हिंजवडीतली आयटीची नोकरी सोडून एआय कंपनी काढायची असेल, तर कोणतं मॉडेल वापरायचं हे नंतर ठरवा. आधी एक वही घ्या.

पहिल्या पानावर घरखर्च लिहा: फ्लॅटचा हप्ता, शाळेची फी, आईवडिलांची औषधं. आरोग्य विम्याचा हप्ताही धरा, कारण नोकरीबरोबर कंपनीचा विमाही जातो. शिलकीला महिन्याच्या खर्चाने भागलं की हातात किती महिने आहेत ते कळेल. बारापेक्षा कमी असतील तर माझं मत स्पष्ट आहे: राजीनामा देऊ नका, शनिवार-रविवारी काम करा. मात्र नेमणूकपत्र वाचून घ्या. नोकरीत असताना लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क, असं कलम त्यात असू शकतं.

मग भोसरीच्या औद्योगिक भागात जा. समजा, एका वर्कशॉपमध्ये एक जण दिवसभर चलनं (मालासोबत येणाऱ्या पावत्या) बघून टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करतोय. हेच काम एआयने करून द्यायची तुमची कल्पना आहे. या कामावर महिन्याला किती पैसे जातात, ते मालकांना विचारा. "छान आहे, करा" याला किंमत नाही. ॲडव्हान्ससह छोटी पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) मिळाली, तर ती खरी.

आता सगळ्यात नाजूक हिशोब. एरवीचं सॉफ्टवेअर एकदा बनलं की शंभराव्या ग्राहकाचा खर्च नगण्य असतो. इथे प्रत्येक वापराला मॉडेल बनवणाऱ्या कंपनीचा मीटर पडतो. मॉडेल मजकुराचे छोटे तुकडे करतं आणि बिल त्या तुकड्यांवर येतं. बऱ्याच मॉडेलांत देवनागरी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त होतात, म्हणजे बिलही जास्त. समजा, एक चलन वाचायला दीड रुपया लागतो आणि वर्कशॉपची महिन्याला ४,००० चलनं आहेत. खर्च झाला ६,०००. तुम्ही सरसकट ५,००० ठरवले असतील, तर ग्राहक जितका खूश तितका तुमचा तोटा. म्हणून दर चलनामागे लावा. तीन रुपये धरले तर एका वर्कशॉपमागे ६,००० उरतात, वीस वर्कशॉपमागे १ लाख २० हजार. त्यातून भाडं, माणसांचे पगार. ही रक्कम आजच्या पगाराशेजारी लिहा.

पैसे वेळेवर येतील असं धरू नका. एमएसएमई कायद्यानुसार (२००६) सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं, म्हणून उद्यम नोंदणी आधीच करा. तरी वहीत ९० दिवस धरा.

मॉडेल बनवणाऱ्यांनीच उद्या चलन वाचण्याची सोय दिली तर? मॉडेल वगळून तुमच्याकडे काय उरतं ते लिहा: टॅलीशी जोडणी, प्रत्येक कारखान्याच्या चलनांची ओळख, चुका सुधारणारा माणूस. पान कोरं राहिलं तर कल्पना बदला.

वैयक्तिक माहिती हाताळणार असाल तर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा वाचा. सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

शेवटच्या पानावर तारीख लिहा. तोवर पैसे देणारी पाच वर्कशॉप मिळाली नाहीत, तर पुन्हा नोकरी. ते पान आजच घरच्यांना दाखवा.