सहावी ते आठवीच्या पोरांना वॉटर कलर शिकवायचंय? आधी वर्गाची खिडकी उघडा

सहावीच्या वर्गात जाऊन नुसतं "निसर्गचित्र काढा" म्हणून बघा, जवळजवळ सगळ्या वह्यांवर एकच चित्र येतं, दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, बाजूला झोपडी आणि नारळाचं झाड. आणि हे कुठं, तर साताऱ्यात, जिथं मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो आणि तो त्रिकोणी नाहीच! वरनं सपाट आहे, अंगावर आडवे काळे कडे आहेत, त्यांच्यामध्ये गवताचे उतार आहेत. लाव्हाचे थर एकावर एक साचून हे डोंगर झालेत म्हणून ते असे दिसतात, हे भूगोलात पोरांनी वाचलेलं असतं पण चित्र काढताना आठवत नाही. तर माझी सुरुवात कायम तिथनंच असते, रंगपेटी बंद ठेवायची, पोरांना खिडकीशी किंवा ग्राउंडवर न्यायचं आणि विचारायचं, डोंगराची वरची रेघ कुठं मोडते, कुठं सरळ जाते, टॉवर कुठं आहे. पाच मिनिटं नुसतं बघायचं, मग पेन्सिल.

या वयाची एक अडचण ध्यानात घ्या. तिसरी-चौथीचं पोरगं बिनधास्त काढतं, पण अकरा-बारा वर्षांच्या पोराला आपलं चित्र खऱ्यासारखं दिसत नाही हे कळायला लागतं, आणि मग "सर मला जमत नाही" सुरू होतं, खोडून खोडून कागदाला भोक पडतं. म्हणून पहिले दोन-तीन तास खोडरबर गोळा करून टेबलावर ठेवा. आणि न बघता रेखाटन करून घ्या, म्हणजे नजर स्वतःच्या हातावर किंवा चपलेवर ठेवायची, पेन्सिल सावकाश चालवायची आणि कागदाकडे अजिबात बघायचं नाही. चित्र वेडंवाकडंच येतं सगळ्यांचं, वर्ग हसतो, भीती जाते, आणि वाकड्या रेघेतही चपलेचा अंगठा बरोबर आलाय हे पोरांना स्वतःलाच दिसतं.

सामानाचं थोडक्यात सांगतो. महागाचं काही लागत नाही. कॅमलच्या साध्या ट्यूब किंवा केक चालतात, पण बारा रंग एकदम देऊ नका. लेमन यलो, क्रिमझन (गडद लाल), अल्ट्रामरिन ब्लू (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), बास. अल्ट्रामरिनमध्ये बर्न्ट सिएना मिसळला की इतका सुंदर गडद राखाडी मिळतो की काळ्या ट्यूबची गरजच पडत नाही आणि आपल्या ओल्या कातळाचा रंग अगदी तोच असतो. पांढरा पण काढून घ्या, वॉटर कलरमध्ये पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. हे पोस्टर कलरची सवय असलेल्या पोरांना जड जातं, एलिमेंटरीच्या, म्हणजे सरकारी चित्रकला परीक्षेच्या तयारीतले तर हमखास पांढरा घालून रंग दाट करतात, त्यांना दोन्ही माध्यमं शेजारी शेजारी लावून दाखवा. खरा खर्च करायचा तो कागदावर करा. ड्रॉइंगच्या वहीचा पातळ कागद पाणी लागलं की फुगतो आणि पोराला वाटतं आपलंच चुकलं. जाड कागद घ्या, 200 जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) पुढचा, आणि एका शीटचे चार तुकडे करून द्या, छोटा कागद एका तासात पूर्ण पण होतो. ब्रश सहा नंबरचा आणि दहा नंबरचा गोल, पॅलेट म्हणून घरची पांढरी बशी, आणि प्रत्येकाकडं जुनं सुती फडकं पाहिजेच, कारण वॉटर कलर शिकवणं म्हणजे निम्मं पाणी सांभाळायला शिकवणं आहे.

ते पाणी कसं शिकवायचं? मी ताकाची भाषा वापरतो. पातळ ताक, दाट ताक आणि दही, एकाच निळ्याचे हे तीन प्रकार बशीत करायला लावतो. मग पहिला प्रोजेक्ट त्याच एका रंगात. सगळ्यात लांबचा डोंगर पातळ ताकाने, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग मधला दाट ताकाने, मग जवळचा उतार आणि झाडं दह्याने. लांबचा डोंगर फिका आणि निळसर का दिसतो ते तिथंच सांगायचं, मधल्या हवेमुळं. साताऱ्यातल्या चार भिंती या उंचावरच्या जागेवरनं सकाळी बघितलेलं ज्यांना आठवतं ते लगेच मान डोलावतात. एकच रंग असल्यामुळं चिखल होत नाही आणि पहिल्याच चित्रात खोली येते, ज्या पोराला जमत नाही असं वाटत होतं ते घरी नेऊन दाखवतं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दुसरा प्रोजेक्ट कास पठाराचा. फुलांच्या सीझनमध्ये साताऱ्यातल्या बऱ्याच पोरांनी पठार पाहिलेलं असतं, पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर 2012 साली ते युनेस्कोच्या यादीत गेलं हे पण त्यांना सांगा, अभिमान वाटतो. तिथलं फूल तोडून आणायचं नाही, हे आधीच बजावायचं, फोटो आणि आठवण पुरे. कोऱ्या कागदावर पांढऱ्या मेणबत्तीने ठिपके द्यायचे, हे गेंद या पांढऱ्या रानफुलाचे बोंड. मग सगळा कागद ओला करायचा आणि वर क्रिमझन, अल्ट्रामरिन सोडायचे, जिथं ते एकमेकांत शिरतील तिथं आपोआप जांभळा होतो, तेरडा आणि सीतेची आसवं ही पठारावरची दोन्ही फुलं त्यात येतात. मेणावर रंग धरत नाही, त्यामुळं पांढरे ठिपके उठून येतात आणि वर्गात एकदम ओरडा होतो. कागदाची चकाकी जायला लागली की खडेमिठाचे दोन-चार दाणे टाका, पाणी शोषलं जाऊन नक्षी उमटते. फार ओल्यावर टाकलं तर मीठ नुसतं विरघळतं, वाळल्यावर टाकलं तर काहीच होत नाही, ती वेळ पोरांनाच हेरू द्या. मीठ पूर्ण वाळल्यावर झटकायचं. सोनकीच्या फुलांचा पिवळा सगळ्यात शेवटी, कोरड्या कागदावर, नाहीतर जांभळ्यात जाऊन मातकट होतो.

इथं हवामानाचा मोठा भाग आहे. जुलैमध्ये आपल्याकडं पाऊस असा लागतो की कागद तासभर वाळत नाही, तेव्हा थराचं काम घेऊच नका, ओल्यात ओलं करा, म्हणजे ओल्या कागदावरच ओला रंग सोडा, ढग, धुकं, ठोसेघरचा धबधबा. मार्च-एप्रिलमध्ये उलट, रंग लावेपर्यंत कड वाळते आणि डाग पडतात, तेव्हा कागद मागनं पण ओला करून घ्यायचा.

आणि एक कळकळीची विनंती, पोराच्या कागदावर तुमचा ब्रश लावू नका. कितीही वाटलं तरी. शेजारी स्वतःचा तुकडा ठेवा, त्यावर करून दाखवा, त्याचं चित्र त्याचंच राहू दे. मार्क देताना पण सफाईला कमी आणि बघण्याला जास्त द्या, डोंगर सपाट काढलाय का, सावली कुठल्या बाजूला आहे हे त्याला विचारलं की कळतं त्याने पाहिलंय की नाही.

जमलं तर वर्षातनं एक सहल औंधला काढा. 1938 मध्ये भवानी संग्रहालय उभं करणारे औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, तिथं राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प आहे, आणि हे सगळं सातारा जिल्ह्यातल्या एका गावात! पण सगळं दाखवायच्या नादात पळवू नका पोरांना. प्रत्येकाने एकच चित्र निवडायचं, त्याच्यासमोर दहा मिनिटं उभं राहायचं, उजेड कुठनं येतोय आणि सगळ्यात गडद जागा कुठली तेवढंच वहीत लिहायचं, आणि पुढच्या तासाला त्याच उजेडात घरातली एखादी वस्तू रंगवायची.