पुढून येणारा खटखट आवाज, शेवटी दोषी लिंक रॉड निघाला

गाडी जुनी आहे आणि हळू चालवताना बारीक खड्ड्यांतून गेलं की पुढून डाव्या बाजूने खटखट यायचं, पण गंमत म्हणजे मोठ्या स्पीडब्रेकरवरून दोन्ही चाकं एकदम गेली की एकदम गप्प. आवाज कधी येतो हे आधी नीट बघा, अर्धं काम तिथेच होतं. ब्रेक मारताना एकच ठक आला तर लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) रबरी बुश बघायचा, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कटकट झाली तर स्ट्रट माउंटचं, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक बॉडीला बसतं तिथलं, बेअरिंग (स्प्रिंगवर हात ठेवला की झटका जाणवतो).

गॅरेजवाला सरळ शॉकअप बदला म्हणत होता, पण शॉकअपमधून तेलाचा थेंबही गळलेला नव्हता, मग कशाला बदलायचे? जॅकवर एक चाक उचलून लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी) हलवला तर घट्ट लागला, कारण एकच चाक लटकलं की स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) पिळला जातो आणि लिंकवर ताण येऊन ढिलेपणा लपतो. म्हणून गाडी रॅम्पवर चारही चाकांवर उभी केली, हँडब्रेक लावून चाकांना ठोकळे दिले, मित्राने बाजूने गाडी डोलवली आणि मी लिंकचा जॉइंट बोटांत धरला, तर टक टक सरळ बोटांना लागत होतं! रबर फाटलेलं, आत ग्रीस नाही, नुसता गंज.

दोन्ही बाजूंचे लिंक बदलले, नट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळले. आता त्याच रस्त्यावर काच खाली करून गेलो तरी आवाज नाही.