१०० मीटर फ्रीस्टाइल: पहिल्या लॅपमध्येच शर्यत घालवू नका

रिओ ऑलिंपिक, ११ ऑगस्ट २०१६ची रात्र. आपल्याकडे १२ तारखेची सकाळ उजाडली होती. महिलांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलची अंतिम फेरी. ऑस्ट्रेलियाच्या केट कॅम्पबेलने महिनाभर आधीच ५२.०६ सेकंदांचा जागतिक विक्रम केला होता आणि सुवर्ण तिचंच, असं बहुतेकांनी धरलं होतं. ५० मीटरला वळताना तीच पुढे होती. कॅनडाची १६ वर्षांची पेनी ओलेक्सिएक तेव्हा सातवी होती. शेवटी पेनी आणि अमेरिकेची सिमोन मॅन्युएल या दोघींनी ५२.७० सेकंद अशी अगदी सारखी वेळ नोंदवली आणि दोघींना सुवर्ण मिळालं. केट ५३.२४ सेकंदांसह सहावी आली.

शाळेच्या किंवा जिल्ह्याच्या स्पर्धेला निघालेल्या प्रत्येक मुलीला मी ही शर्यत दाखवते. कारण मुलींकडून सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच आहे.

सुरुवातीलाच सगळा दम खर्च करणं

बझर वाजला की अंगात वारं शिरतं. शेजारच्या लेनमधली पुढे दिसली की हात आणखी भराभर फिरू लागतात, पण पाणी मागे जातच नाही, नुसता फेस उडतो. मग ६५-७० मीटरला पाय शिशाचे होतात, कंबर खाली जाते, हात पाण्यात लांब पडेनासा होतो. घरचे म्हणतात, "स्टॅमिना कमी पडला." माझ्या मते दहातल्या आठ वेळा स्टॅमिना नाही, अंदाज चुकलेला असतो.

दुसरा लॅप (तलावाची ५० मीटरची दुसरी लांबी) पहिल्यापेक्षा थोडा संथ होणारच, कारण पहिल्याला डाइव्हचा वेग मिळालेला असतो. पण फरक तीन-चार सेकंदांवर गेला तर चूक पहिल्या लॅपमध्ये शोधा. सरावात दोन्ही ५० मीटरच्या वेळा वेगवेगळ्या लिहून ठेवा आणि हात किती वेळा मारला तेही मोजा. दुसऱ्या लॅपमध्ये हातांची संख्या एकदम वाढत असेल, तर पाण्यावरची पकड सुटते आहे. अशा वेळी पहिले २५ मीटर लांब, शांत हातांनी जायचं आणि पायांचा खरा जोर वळणानंतर लावायचा. हे सांगायला सोपं आहे. अंगवळणी पडायला महिने लागतात. मुलीला तेवढा वेळ द्या.

वळताना मान वर काढणं

भिंत कुठे आली हे बघायला डोकं उचललं की पाय खाली बुडतात आणि वेग तिथेच मरतो. तळाची काळी रेघ भिंतीच्या २ मीटर अलीकडे आडव्या रेघेने संपते. नजर तिच्यावर ठेवा. फ्लिप टर्न (भिंतीजवळ पाण्यातच कोलांटी घेऊन वळणं) फार लांबून घेतला आणि पाय भिंतीला लागलेच नाहीत, तर थेट बाद. ढकलून निघाल्यावर पहिल्याच हाताला श्वास घेऊ नका, दोन हात जाऊ द्या. आणि १५ मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर आलंच पाहिजे, हा नियम डाइव्हलाही लागू आहे.

शेवटचे ५ मीटर

रिओच्या त्या वेगाने पोहणारी मुलगी सेकंदाच्या शंभराव्या भागात जवळजवळ २ सेंटिमीटर जाते. लॉस एंजेलिस ऑलिंपिकला १९८४ मध्ये याच शर्यतीत अमेरिकेच्या कॅरी स्टाइनसायफर आणि नॅन्सी हॉग्सहेड ५५.९२ वर बरोबरीत आल्या आणि सुवर्ण दोघींना मिळालं. म्हणून शेवटच्या ५ मीटरमध्ये श्वास नको, शेजारी बघणं नको, आणि हात पसरून तरंगत जाणं तर नकोच. भिंत अर्ध्या हातावर असेल तरी तो हात पूर्ण मारा, बोटांनी टचपॅड (भिंतीवरची वेळ नोंदवणारी पाटी) जोरात दाबा. सरावात प्रत्येक लॅप भिंतीला हात लावूनच संपवा. रोज एक मीटर आधी थांबणारी मुलगी स्पर्धेतही तसंच करते.

गॉगलमध्ये पाणी शिरत असेल तर डाइव्ह मारताना हनुवटी छातीकडे घ्या आणि पट्टा दोन टोप्यांच्या मध्ये ठेवा. तरीही शिरलंच तर थांबू नका, हात मोजत जा. अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सने २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला २०० मीटर बटरफ्लाय तशीच जिंकली होती. नवा घट्ट पोशाख स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

शेवटचा मुद्दा बोलायला मुली लाजतात, म्हणून मीच बोलते. पाळी आली की काहीही न सांगता सरावाला दांडी मारणं किंवा दुखत असताना गप्प राहून पोहणं, या दोन्ही चुका आहेत. रिओलाच चीनच्या फू युआनहुईने रिले संपल्यावर टीव्हीसमोर सरळ सांगितलं होतं की काल पाळी सुरू झाली, त्यामुळे थकवा आहे. आमच्या मुली आता सरावाच्या वहीत तारखेपुढे एक छोटी खूण करतात आणि त्या आठवड्याचे लांब सेट ती खूण बघून ठरतात.