निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली का, ते बघा

आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची, म्हणून 'पीटी-आयएनआर' (रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते सांगणारा आकडा) तपासायला नागपुरात धंतोलीच्या फेऱ्या ठरलेल्या. एकदा आकडा एकदम वाढलेला आला, आम्ही घाबरलो. रक्ताच्या नमुन्याची निळ्या झाकणाची नळी अर्धवटच भरली होती!

या नळीत आधीच सायट्रेट असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, सायट्रेट ते बांधून ठेवतं. प्रयोगशाळेत पुन्हा कॅल्शियम आणि थ्रोम्बोप्लास्टिन (गोठणं सुरू करणारा पदार्थ) घालून गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतात. प्रमाण रक्ताचे 9 भाग, सायट्रेटचा 1. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं आणि आकडा खोटाच वाढतो. त्यामुळे नळी खुणेपर्यंत भरा म्हणून आवर्जून सांगा, संकोच नको. घरून नमुना नेणार असतील तर आपल्या मे महिन्याच्या उन्हात तो गाडीच्या डिक्कीत पडून राहू देऊ नका.

आणि हो, हिवाळ्यात कॉटन मार्केटमधून पालक-मेथी आली की रोज डाळभाजी, मग महिनाभर बंद, असं नको. त्यातल्या व्हिटॅमिन 'के'मुळे गोळीचा असर कमी होतो. भाजी सोडायची नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी-जास्त करू नका.