लिहिताना अडलं म्हणून भांडी घासायला उठताय? या चुका टाळा

दिवाळी अंकाच्या कथेची मुदत चार दिवसांवर आली की आमचं सिंक लखलखतं आणि कथा दुसऱ्या पानावरच अडलेली असते. घरकामाने अडलेलं लिखाण सुटतं, हे खरं आहे. पण न सुटण्याच्या वाटाही मी पुष्कळ तुडवल्या आहेत.

कागदाशी न झगडताच उठणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ साली सुचण्याचे चार टप्पे मांडले, त्यात मुरण्याच्या आधी तयारीचा टप्पा आहे. लोणचं मुरायला आधी कैरीच्या फोडी बरणीत भराव्या लागतात, तसंच. २०१२ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. साध्या वस्तूंचे वेगवेगळे उपयोग सुचवायला सांगून मध्ये बारा मिनिटं काही जणांना हलकं काम दिलं, काहींना डोकं लागणारं, काहींना नुसतं बसवलं, तर काहींना सुट्टीच दिली नाही. हलकं काम केलेल्यांना जास्त सुचलं, पण आधी हाताळलेल्या वस्तूंबाबतच. नव्या वस्तूंच्या बाबतीत काही फरक पडला नाही. (पुढे इतरांना नेहमीच असे निकाल मिळाले नाहीत, तेव्हा याला मंत्र समजू नका.)

म्हणून उठण्याआधी निदान अर्धा तास बसा, चार वाईट वाक्यं लिहा आणि अडलेला प्रश्न चिठ्ठीवर उतरवा. ‘कथा पुढे कशी न्यावी’ हा प्रश्नच नव्हे. ‘काकू भाचीशी खोटं का बोलते?’ असा हवा.

काम चुकीचं निवडणं

एकदा मी अडले म्हणून माळा आवरायला काढला. जुनी पत्रं सापडली, मग फोटो, मग फोटोतल्या लोकांना फोन. संध्याकाळ झाली तेव्हा काकूचं खोटं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. हातांना येतं आणि डोक्याला विचारावं लागत नाही, असंच काम घ्यावं. मेथी निवडणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या, रोजची भांडी. गॅसवर काही ठेवू नका. गोष्ट सुटेपर्यंत दूध उतू गेलेलं असतं, आणि मग शेगडी पुसण्यात गोष्टही जाते.

कानात गाणी किंवा मुलाखत लावून घासलेली भांडी स्वच्छ होतात, एवढंच. मोकळं झालेलं डोकं आपण लगेच दुसऱ्याला भाड्याने दिलेलं असतं.

‘एवढी दोन पातेली उरकते’ म्हणणं

वाक्य सुचलं की नळ बंद करा. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरातली, शेतातली कामं करता करता त्या ओव्या रचत. त्या कागदावर आल्या, कारण मुलगा सोपानदेव आणि घरातल्या मंडळींनी टिपून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि कविता पुढच्या वर्षी पुस्तकरूपात आल्या. आपल्याजवळ टिपून घेणारं कोणी उभं नसतं. ओट्याजवळ पेन्सिल आणि जुन्या पाकिटांची कोरी बाजू ठेवा. ओल्या हाताला पेन दगा देतं, पेन्सिल देत नाही. मोबाइलवर बोलून ठेवायचा प्रयोगही केला होता. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर नुसता नळ.

आणि काहीच सुचलं नाही तर? वीस मिनिटांनी तरीही खुर्चीत परत या. भांड्यांनंतर ओटा, ओट्यानंतर फ्रिज, असं सुरू झालं की ती पळवाट आहे हे आपल्यालाही कळत असतं.

हा सल्ला कोणासाठी, हे न पाहणं

घरात क्वचितच ओट्याशी जाणाऱ्याला वीस मिनिटं भांडी घासणं ही विश्रांती वाटेल. सकाळपासून डबे, धुणं, दोन वेळचा स्वयंपाक करून रात्री दहाला लिहायला बसणाऱ्या बाईचं लिखाण कामाअभावी अडलेलं नसतं, ती दमलेली असते. तिला आणखी एक काम सुचवणं म्हणजे चेष्टा झाली. तुम्ही त्यातल्या असाल तर वरचं सगळं सोडून द्या. भांड्यांत पाणी घालून ठेवा, ती कोण घासणार हे घरातल्यांना ठरवू द्या, आणि खोलीचं दार लावून घ्या.